पुंगळी

आमच्या सांगलीच्या शाळेचा, दहावीच्या बॅचचा, एक ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात तिथे एक व्हिडिओ आला. रस्त्यावर ओळीनं मांडलेले बुलेटचे सायलेन्सर, त्यांच्यावरून जाणारा रोड रोलर, बाजूला पोलीस आणि मोबाइल वर धरून उभी गर्दी. पुंगळी (सायलेन्सरच्या आतली, आवाज दाबणारी नळी) काढून फिरणाऱ्या पोरांवर कारवाई. खाली अंगठ्यांची रांग. इथपर्यंत ठीक होतं. मग मास्तरनं (आमचाच वर्गमित्र, शाळेत शिकवून नुकताच निवृत्त झालेला) लिहिलं, "ही घाण तुमच्याकडून आली."

तुमच्याकडून म्हणजे अमेरिकेतून, म्हणजे माझ्याकडून. कारण चारच दिवसांपूर्वी मी तिथे हौसेनं लिहिलं होतं की पोराबरोबर बसून 'हेल राइड' हा अमेरिकन फटफटीवाल्यांचा सिनेमा पाहिला.

सिनेमा २००८ चा. लॅरी बिशप यानं लिहिलेला, दिग्दर्शित केलेला, आणि नायकही तोच. हा माणूस १९६८ च्या 'द सॅव्हेज सेव्हन'मध्ये होता. फटफटीवाल्या टोळ्यांचे स्वस्त, भडक सिनेमे तेव्हा ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसून बघायच्या उघड्या थिएटरात, जोडीनं लागायचे. आधी पोस्टर ठरवायचं, मग त्याला शोभेल अशी गोष्ट लिहायची, हा धंद्याचा रिवाज. दिग्दर्शक टॅरंटिनोला असल्या मालाचं भारी प्रेम, म्हणून तो निर्मात्यांत. डेनिस हॉपर, डेव्हिड कॅराडाइन अशी जुनी मंडळी गोळा केली, कातडी जाकिटं चढवली, आणि जुन्या कचऱ्याला मुजरा केला. चालला नाहीच.

मास्तरचा मुद्दा असा की असले सिनेमे बघून पोरं बिघडतात. आता मी राहतो कॅलिफोर्नियात, मॉर्गन हिलला. गिलरॉय ओलांडून २५ नंबरच्या हायवेला लागलं की पाऊण तासात हॉलिस्टर. दर उन्हाळ्यात जर्दाळू आणायला जातो. या सगळ्या सिनेमांची गंगोत्री ते गाव. ४ जुलै १९४७ च्या सुट्टीत, जेमतेम चार-साडेचार हजार वस्तीच्या त्या गावात शर्यतींसाठी जवळपास तितकेच मोटरसायकलवाले उतरले. दारू झाली, भर रस्त्यात गाड्या पळाल्या, बाटल्या फुटल्या, काहींना आत टाकलं. 'लाइफ' मासिकात एक फोटो आला: हार्लेवर रेललेला गलेलठ्ठ दारुडा, चाकाखाली बाटल्यांचा खच. तिथे हजर असलेल्या एकानं पुढे सांगितलं की बाटल्या फोटोसाठी गोळा करून मांडल्या होत्या. त्या गावावरून १९५१ मध्ये कथा आली, कथेवरून १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन'. म्हणजे आधी गोंगाट, मग त्याची तिखटमीठ लावलेली बातमी, आणि सगळ्यात शेवटी सिनेमा. मास्तरनं गाडी उलटी जोडली आहे.

ब्रिटनच्या सेन्सॉरनं तो सिनेमा १९५४ मध्ये नाकारला. पोरं बिघडू नयेत म्हणून थेट १९६७ पर्यंत अडवून धरला. मधल्या काळात, १९६४ मध्ये, ब्रायटन आणि मार्गेटच्या किनाऱ्यावर मॉड (स्कूटरवाल्या) आणि रॉकर (फटफटीवाल्या) पोरांनी एकमेकांची डोकी फोडली. हे मी ग्रुपवर टाकलं. मास्तरचं उत्तर, "ब्रिटन म्हणजे पण तुमच्याकडचंच."

मग मी जरा वरच्या पट्टीत बोललो. कॅलिफोर्नियात २०१३ पासून बनलेल्या मोटरसायकलला ईपीएचा, म्हणजे इथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचा, शिक्का नसलेला सायलेन्सर चालत नाही, इथे कायदा म्हणजे कायदा, रोड रोलरचा तमाशा करावा लागत नाही, वगैरे. रविवारी सकाळी आमच्या खिडक्यांची तावदानं हार्लेंच्या धडधडीनं थरथरतात आणि तो शिक्का वाकून बघताना एकही पोलीस मी आजवर पाहिलेला नाही, हे लिहिलं नाही. मात्र गणपतीच्या आधी आमच्या मंडळाचा ढोलाचा सराव एका रिकाम्या पार्किंगमध्ये चालू होता, तेव्हा वीस मिनिटांत पोलिसाची गाडी आली होती. एकसारखे टी-शर्ट घातलेली तीस माणसं आणि आवाज. तो नम्रपणे म्हणाला, "तुम्ही लोक नक्की कोण?" हेही लिहिलं नाही.

सिनेमाबद्दल मात्र खरं सांगतो, वाईट आहे. 'आग' या एका शब्दावरच्या कोट्या संपतच नाहीत. बायका नुसत्या सजावटीला. १९६६ च्या 'द वाइल्ड एंजल्स'मध्ये रॉजर कॉर्मननं हेल्स एंजल्स या फटफटीवाल्या टोळीतली खरी माणसं कामाला घेतली, आणि पुढे टोळीनंच त्याच्यावर बदनामीचा दावा ठोकला. टोळीची बदनामी! त्या सिनेमांत ही असली धांदल होती. पैसे कमी, दिवस कमी, त्यामुळे पडद्यावर खरी धूळ आली. मुद्दाम उडवलेली धूळ वेगळी दिसते. आणि १९६८ च्या तंगीची ढाल २००८ मध्ये पुढे करता येत नाही.

माझा पोरगा मात्र खिदळत होता. इथेच जन्मला, बावीसचा आहे. म्हणाला, "बाबा, तो मुद्दामच वाईट केलाय." त्यानं मूळ सिनेमे पाहिलेले नाहीत, मीही नाही, तरी कुठे हसायचं ते त्याला बरोबर कळत होतं. मी त्याच्याकडे बघून, अर्धा सेकंद उशिरा हसत होतो. इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली. नोकरी, घर, नागरिकत्व, सगळं रीतसर मिळालं. पण एखाद्या टुकार गोष्टीवर आपोआप हसू यायला ती टुकार गोष्ट पंधराव्या वर्षी लपून बघितलेली असावी लागते, आणि माझं पंधरावं वर्ष सांगलीच्या मॅटिनीत गेलं.

दोन वर्षांपूर्वी हॉलिस्टरला सॅन बेनिटो स्ट्रीटवर एका लाल मोटरसायकलकडे बघत उभा होतो. पांढऱ्या दाढीचा, पाठीवर बिल्ले शिवलेला एक बाबा आला. विचारलं, "इंडियन?" मी म्हटलं, "हो, सांगलीचा." त्यानं टाकीकडे बोट केलं. इंडियन, इथलीच मोटरसायकल कंपनी, १९०१ पासूनची. दोघंही हसलो. मग त्यानं विचारलं, तू काय चालवतोस? तोंडातून निघून गेलं, "राजदूत." त्यानं अदबीनं मान हलवली. त्याला काहीही कळलं नव्हतं.

राजदूत माझी नव्हतीच, मास्तरच्या काकांची होती. १९८६ साली आम्ही दोघांनी तिची पुंगळी काढली होती, त्यांच्या मागच्या अंगणात, एका दुपारी, पान्यानं बोटं सोलवटून घेत. मग विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्यावरून तीन फेऱ्या. कुणासाठी ते आम्हा दोघांनाही माहीत आहे, आणि तिनं वर बघितलंसुद्धा नाही. तोवर दोघांनीही एकही अमेरिकन फटफटीचा सिनेमा पाहिला नव्हता. आवाज काढायला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बिशपनंही साठीला टेकल्यावर तेवढंच केलं असावं, जुने दोस्त गोळा करून पुन्हा पुंगळी काढली.

हे ग्रुपवर लिहायला घेतलं आणि खोडलं. मास्तरच्या सुना आहेत त्या ग्रुपवर, की नाहीत, कोण जाणे. त्याला एकट्याला पाठवलं: "काकांची राजदूत आठवते का?"

तिकडे पहाटेचे पाच वाजले असतील. लगेच उत्तर आलं. "आहे अजून. अंगणातच. चालत नाही."

"आणि पुंगळी?"

बराच वेळ तो टाइप करत होता. मग आलं, "ती तू नेली होतीस ना?"

मला आठवत नाही.