पुरस्काराची फाइल उघडण्याआधी त्या गावात जाऊन या

विद्यापीठात चांगलं संशोधन करणाऱ्यांचा सत्कार व्हायला हवा, अगदी गाजावाजा करून व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. क्रिकेटपटूंचे फ्लेक्स आपल्या नागपुरात वर्धा रोडवर लागतात, तसे एखाद्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेचेही लागावेत. माझा प्रश्न पुढचा आहे. चांगलं कोणतं, हे आपण ठरवतो कशावरून?

मध्यंतरी एका निवड समितीत बसलो होतो. टेबलावर फायलींची चळत. त्यातल्या एका जाडजूड फायलीत रंगीत चिठ्ठ्या लावून शोधनिबंध क्रमवार रचलेले, प्रत्येकापुढे इम्पॅक्ट फॅक्टर (त्या नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ घेतला, तो आकडा), शेवटी बेरीज. दुसरी फाइल अगदी बारीक. एका शिक्षिकेने विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावच्या बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं तपासलं होतं. निबंध मोजकेच. शेवटी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर निळ्या शाईत हाताने लिहिलेलं एक पत्र, खाली गोल शिक्का : तुमच्या अहवालानंतर शाळेतला हातपंप पिण्यासाठी बंद केला आणि मुलांसाठी विहिरीवरून पाइप टाकला. गुणतक्त्यात या पत्रासाठी रकानाच नव्हता. ‘इतर’ या शीर्षकाखाली चार-दोन गुण देता आले, तेवढेच. मी बोललो, वाद घातला, पण निकाल तक्त्याप्रमाणेच लागला.

त्या पत्राची किंमत विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड आहे. मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोत नसेलच तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं. त्यापुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठ्यांची हाडं-सांधे आखडतात. गेलेलं परत येत नाही. म्हणून वेळेत हातपंप बंद होणं हेच खरं औषध.

पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची जगभर माहीत असलेली एक पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) दिली आहे, नलगोंडा पद्धत. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. वीज लागत नाही, बादलीतसुद्धा जमतं. संशोधन म्हणून अस्सल. पण तुरटी किती टाकायची हे त्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरतं, म्हणजे कुणीतरी पाणी मोजत राहायला हवं. रोज गाळ काढायला हवा, तो कुठेतरी नीट टाकायला हवा. एका गावात बंद पडलेल्या टाकीपाशी एका काकांनी मला विचारलं, “सर, तुरटी संपली का मंग कोन आनून देते?” अख्ख्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे. पद्धत शोधणाऱ्याचं नाव निबंधावर लागतं. ती दहा वर्षं चालू ठेवायला काय लागतं, कुठे अडतं, बायकांना तो खटाटोप का नकोसा होतो, हे शोधणाऱ्याला आपल्याकडे संशोधक म्हणायलाही लोक कचरतात. माझ्या लेखी ते संशोधनच आहे, आणि जास्त कठीण आहे.

कापसाचंही तेच. गुलाबी बोंडअळीवर केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून कृषी विद्यापीठापर्यंत सगळे एकच सांगतात, फरदड घेऊ नका (म्हणजे वेचणी झाल्यावर तेच पीक पाणी देऊन पुढे ठेवू नका), डिसेंबर-जानेवारीत पीक काढून टाका. शास्त्र पक्कं आहे. तरी ओलिताची सोय असलेला शेतकरी फरदड ठेवतो, कारण आणखी दोन-चार क्विंटल हाती लागण्याची आशा असते आणि कर्जाचा हप्ता समोर असतो. त्याचा हिशेब समजून घेऊन सल्ला बदलणारं काम एखाद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने केलं, तर आपल्या तक्त्यात तिला किती गुण मिळतील?

तक्ते असे का झाले, हेही पाहायला हवं. इम्पॅक्ट फॅक्टर ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांची. ग्रंथालयांनी कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला तिचा उपयोग होता. ते नियतकालिकाचं माप आपण माणसाला लावलं. पदोन्नती निबंधांच्या संख्येला बांधली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांची दुकानं फोफावली. 2018 मध्ये यूजीसीला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाला, स्वतःच्याच मान्य यादीतून चार हजारांवर नियतकालिकं काढावी लागली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती 2022 मध्ये गेली, ते बरंच झालं. पण मोजण्याची सवय अजून अंगातून गेलेली नाही.

“मग काय, निबंध नकोत?” असं विचारणारे भेटतात. हवेत की! नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम बघा. गावातल्याच बाईला शिकवून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची, शेजारी तुलनेसाठी तसं न केलेली गावं ठेवायची, प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवायचा. कार्यक्रमाच्या 39 गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे आशाताईंमार्फत बाळाला घरी भेट देण्याचा देशभरचा कार्यक्रम त्याच धर्तीवर उभा राहिला. मोजमाप इतकं काटेकोर होतं म्हणूनच सरकारला ते मानावं लागलं.

आणि ज्याचा उपयोग आज सांगता येत नाही, असं मूलभूत संशोधन? त्याला गावातल्या पत्राची अट घालणं अन्याय होईल. गणितातल्या सिद्धतेचा कस त्या विषयातले जाणकारच लावतील, फक्त त्यांनी तो निबंध वाचून लावावा, आकडे बघून नाही. ब्रिटनने 2014 च्या विद्यापीठ मूल्यमापनात विद्यापीठाबाहेर झालेल्या परिणामाला 20 टक्के वजन दिलं, 2021 मध्ये 25 टक्के केलं. उरलेला मोठा वाटा संशोधनाच्या दर्जाला आणि वातावरणालाच राहिला. हे प्रमाण मला शहाणपणाचं वाटतं. तिथेही परिणामाच्या गोष्टी सजवून लिहायला खास माणसं नेमली गेली, म्हणून आपण नुसता अहवाल मागून थांबू नये.

राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला दिलेल्या मालमत्तेतून 1942 मध्ये एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) उभी राहिली. ज्ञान कामाला यावं, ही ओढ या शहराला नवी नाही. विद्यापीठाची शंभरी 2023 मध्ये झाली. आता निदान एक पुरस्कार असा सुरू करा, जो काम संपून पाच-सात वर्षं झाल्यावरच मिळेल. समितीत दोन माणसं विद्यापीठाबाहेरची घ्या, एखादी आशाताई, पाणीपुरवठ्याचा एखादा अभियंता. समितीने न कळवता त्या जागी जावं, टाकी चालू आहे का बघावं, पाणी कोण भरतं त्याला विचारावं. उपाय फसला असेल आणि का फसला हे संशोधकाने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं असेल, तर त्याचेही गुण द्यावेत. नमुने गोळा करणारा प्रयोगशाळा परिचर आणि उन्हातान्हात फिरलेले विद्यार्थी यांची नावं प्रशस्तिपत्रावर असावीत.

सिनेटमध्ये आणि विद्या परिषदेत बसणारे काही जण माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत मांडावा. मसुदा लिहायला मी एका पायावर तयार आहे. आणि तुमच्या कॉलेजात अशा बारीक फायलीचं काम कुणी करत असेल, तर त्यांना ग्रामपंचायतीकडून, दवाखान्याकडून, शेतकऱ्याकडून लेखी पत्र आत्ताच घेऊन ठेवायला सांगा. सरपंच बदलला की ते मिळवणं अवघड जातं.