ऑफ-रोड एसयूव्ही रोजच्या वापराला चालते का?

नवी गाडी घरी आल्यापासून भेटेल तो दोन प्रश्न विचारतो. डोंगरात कधी नेणार, हा पहिला. आणि थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून, रोजच्या वापराला चालते का हो? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचे हवे तेवढे व्हिडिओ सापडतात. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे. पण ज्यांच्या डोक्यात अशी गाडी घोळते आहे त्यांनी बुकिंगच्या आधी वाचावी, एवढीच विनंती.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चालते, आणि मनापासून आवडावी अशी चालते. पण या गाडीची रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गैरसोय ही रस्ता सोडल्यावरच्या कुठल्या ना कुठल्या क्षमतेसाठी मोजलेली किंमत असते. ती क्षमता तुम्हाला कधीच वापरायची नसेल तर किंमत तेवढी रोज मोजावी लागेल आणि बदल्यात काहीच मिळणार नाही. अशा माणसाने साधी, कारसारखी बांधलेली एसयूव्ही घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

ही जात मुळात कामाची आहे. १९४१पासून विलीस जीप सैन्यासाठी बनायला लागली. १९४८ची लँड रोव्हर शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आली. टोयोटाची पहिली जीपवजा गाडी १९५१ची, सुझुकीची छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) १९७०ची, मर्सिडीजची जी-क्लास १९७९ची. आत आता मोठे स्क्रीन आले, एसी आला, सीट मऊ झाल्या. तरी जीपची रँग्लर, सुझुकीची जिम्नी, टोयोटाची लँड क्रूझर या गाड्या अजूनही लॅडर फ्रेमवरच उभ्या आहेत. म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि तिच्यावर रबराच्या माउंटवर ठेवलेली बॉडी. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरने मात्र २०१९मध्ये ही चौकट सोडली आणि ॲल्युमिनियमची मोनोकॉक, म्हणजे वेगळी चौकट नसलेली एकसंध बॉडी घेतली. नुसता चौकोनी चेहरा बघून गाडीची चाल ओळखता येत नाही, ते खाली वाकून बघावं लागतं.

या बांधणीचा रोजचा अनुभव मागच्या सीटवर येतो. रँग्लर आणि जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच कडक दांड्याने जोडलेलं. खडकाळ वाटेवर तो वरदान, कारण एक चाक वर उचललं गेलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि पकड टिकते. डांबरावर त्याच ॲक्सलमुळे एका चाकाखालचा खड्डा दोन्ही चाकांना कळतो. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगमध्ये बारीकसारीक दुरुस्त्या करत राहाव्या लागतात. मला याची सवय झाली आणि आता तो त्रास वाटतच नाही. पण मागे बसणाऱ्यांना विचारल्याशिवाय हे ठरवू नका.

चढ-उतार हा दुसरा मुद्दा, आणि घरात वयस्कर माणसं असतील तर हाच पहिला. माझी आई या गाडीत कशी चढते ते सांगतो. आधी एका हाताने दाराच्या खांबावरचं हँडल पकडते, मग उजवा पाय फूटस्टेपवर, मग क्षणभर थांबते आणि अंग आत घेते. उतरताना तोंड गाडीकडे करून, शिडी उतरतात तशी. दोन्हीकडे फूटस्टेप आणि खांबावर भक्कम हँडल नसतं तर तिला प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात लागला असता. खडकांवर जाणारे लोक फूटस्टेप काढून टाकतात, कारण तेच आधी घासतं. मी काढणार नाही. गाडी जितके दिवस खडकावर जाईल त्याच्या कितीतरी पट दिवस आई तिच्यात बसणार आहे.

मागचं दार. जिम्नी, रँग्लर, डिफेंडर, जी-क्लास, या सगळ्यांची स्टेपनी मागच्या दारावर आणि दार आडवं उघडणारं. स्टेपनी खाली टांगली तर मागचा भाग दगडावर टेकतो, म्हणून ती वर. ठीक. पण मग सामान काढायला मागे दाराच्या रुंदीइतकी जागा सोडून गाडी लावावी लागते. उतारावर ते जड दार आपोआप फिरतं, बोटं सांभाळा. आतल्या आरशात निम्मी स्टेपनीच दिसते, म्हणून रिव्हर्स कॅमेरा या गाड्यांना चैन म्हणून नको, गरज म्हणून हवा.

उंचीही लक्षात ठेवा. डिफेंडर ११० जवळपास १.९७ मीटर उंच आहे, तीही टपावर काही न लावता. वर कॅरिअर चढवलं की तळघरातल्या पार्किंगचा उंचीचा बार आडवा येतो. एकूण उंचीचा आकडा कागदावर लिहून सन व्हायझरवर चिकटवा. टपावर किती वजन चालतं तेही मॅन्युअलमध्ये बघा. उभ्या गाडीचा आणि चालत्या गाडीचा आकडा वेगळा असतो आणि चालत्याचा बराच कमी असतो.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. बॉनेट. उंच बसल्यावर लांबचं सगळं दिसतं आणि आपण फार सुरक्षित आहोत असं वाटतं. अगदी जवळचं मात्र दिसत नाही. एकदा हे करून बघाच. गाडी बंद करून ड्रायव्हरच्या सीटवर बसा, कुणाला तरी बंपरला टेकून बादली ठेवायला सांगा आणि ती हळूहळू पुढे सरकवायला सांगा. बादलीची कड दिसेपर्यंत ती किती पावलं लांब गेली ते मोजा. लहान मूल त्या पट्ट्यात असेल तर तुम्हाला दिसणार नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०२३मध्ये अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त, असं त्यात निघालं. त्यामुळे फाटकातून निघताना, शाळेपाशी, पार्किंगमध्ये, सुरू करायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची हा माझा नियम आहे. पुढचा कॅमेरा पर्यायात मिळत असेल तर सनरूफ सोडा आणि तो घ्या. भक्कम गाडी घेतली की आतल्यांची काळजी मिटते असं लोक धरून चालतात. बाहेर चालणाऱ्यांची काळजी तेवढीच वाढते, आणि ती आपणच घ्यायची असते.

ॲव्हरेजबद्दल थोडक्यात. रँग्लरसारख्या उभ्या खोक्याचा हवेच्या विरोधाचा गुणांक सुमारे ०.४५, चांगल्या सेडानचा ०.३०च्या खाली. हा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ताशी ८०वरून ११०वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट. या गाड्या ८०-९०ला आनंदाने चालतात, त्याच्या वर टाकी आणि कान दोन्ही तक्रार करतात. वेग कमी करा, दुसरा उपाय नाही.

डिझेल घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो. रोज दोन-तीन किलोमीटर जायचं आणि इंजिन बंद करायचं, असा वापर असेल तर साफसफाई अर्धवट राहते आणि एक दिवस दिवा लागतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास चालवा. तेवढंही जमणार नसेल तर पेट्रोल घ्या.

फोर बाय फोरचा लिव्हर. अनेकांच्या गाडीत तो वर्षानुवर्षं हललेला नसतो, आणि काही जण पाऊस पडला की लगेच टाकतात. जिम्नीसारख्या पार्ट-टाइम सिस्टिममध्ये एरवी गाडी २एचवर, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर चालते. ४एच, म्हणजे चारही चाकांचा नेहमीच्या वेगाचा गिअर टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. माती, वाळू, चिखल असेल तर चाकं जराशी घसरून हिशेब जुळवतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही आणि धुतलेल्या चादरीसारखा सगळ्या शाफ्टना पीळ बसतो. स्टिअरिंग पूर्ण कापलं की गाडी अडल्यासारखी होते, टायर कुरकुरतात, झटके बसतात. हे जाणवलं की लगेच २एचवर या. लँड क्रूझर, डिफेंडर, जी-क्लास यांच्यात मधे डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) असल्याने त्या कायम चारही चाकांवर चालू शकतात. तुमची गाडी यातली कुठली, हे डिलिव्हरी घ्यायच्या आधी माहीत हवं.

४एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण ताकदीचा लो गिअर, टाकायचं तर गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये. लिव्हर जरा जोर मागतो, आत कुठेतरी ठक्क होतं आणि मग गाडी मुंगीच्या पावलाने, पण कशालाही न जुमानता चढते. रँग्लर रुबिकॉनमध्ये हा लो गिअर ४:१ आहे, म्हणजे वेग चौथ्या हिश्श्यावर आणि चाकापाशी ताकद चौपट. महिन्यातून एकदा मोकळ्या, मातीच्या जागेवर ४एच आणि ४एल दोन्ही टाकून थोडं चालवा. ऑइल फिरतं, सांधे मोकळे राहतात आणि हाताला सवय होते. रात्री पावसात रुतल्यावर मॅन्युअल उघडून शिकण्यात अर्थ नाही.

पाण्याचं तर बजावून सांगतो. डिफेंडरला ९०० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं कंपनी सांगते. हा आकडा संथ पाण्याचा आहे. वाहत्या पाण्याला तो लावू नका. अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा आहे की साधारण ६० सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं, एसयूव्हीसुद्धा. आणि इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून बाहेर आलात की ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते वाळतात. आणि पुढच्या सर्व्हिसला डिफरेन्शियलचं ऑइल दुधाळ झालंय का ते बघायला सांगा.

टायरबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. पहिलं वर्ष गाडीत काही बदल करू नका. मोठे टायर घातले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, पिकअप पडतो, ब्रेकिंगचं अंतर वाढतं. भरघोस नक्षीचे मड टायर चिखलात उत्तम, ओल्या डांबरावर कच्चे, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायला गाणी बंद करावी लागतात. कंपनीचे टायर झिजले की चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणारे) घ्या, रोजच्या वापराला तेच बरे. बदलताना स्टेपनीसकट पाच घ्या आणि पाचही फिरते ठेवा. फोर बाय फोरला चारही चाकांचा घेर सारखा लागतो. एक नवं आणि तीन झिजलेली असतील तर गिअरबॉक्सला त्रास.

मोठ्या टायरांऐवजी हवेचं प्रेशर मोजायचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर घ्या. वाळूत रुतणाऱ्या गाडीची हवा ३५वरून १८-२० पीएसआयवर आणली की टायर लांबट पसरतो आणि गाडी निघते. हजारोंच्या ॲक्सेसरीजपेक्षा हे जास्त उपयोगी. डांबरावर येताच हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. आणि दुसरी गाडी ओढताना दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच अडकवू नका. झटक्याने तो बॉल तुटून गोळीसारखा येतो, माणसं मेली आहेत त्याने.

चिखलातून आल्यावर वरून चकचकीत धुणं सोपं आहे. खरं धुणं खाली असतं. चौकटीच्या पोकळीत, चाकांच्या कमानीच्या आत, रेडिएटरच्या जाळीत चिखल बसून राहतो. फ्रेममधली माती ओल धरते आणि आतून गंज लागतो. पाइप घेऊन खाली आडवं व्हा आणि गढूळ पाणी थांबेपर्यंत धुवा.

टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सगळ्यांना न्या. चालवायला दुसऱ्याला द्या आणि निदान अर्धा तास खराब रस्त्यावर तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा. मग गाडी तुमच्या नेहमीच्या पार्किंगमध्ये आणायला लावा आणि मागचं दार पूर्ण उघडतं का ते बघा. विक्रेता कुरकुर करेल. तरी आणायला लावा.