ल्योंची दारे ढकलताना

ओळख ना पाळख असताना परक्याच्या घराचे दार ढकलून थेट आत शिरणे हे आपल्याकडे चोरांना आणि निवडणुकीतल्या उमेदवारांनाच शोभते. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जुन्या भागात मात्र याच उद्योगाला पर्यटन म्हणतात. सोन नदी आणि फूर्व्हिएरची टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या या भागात मुख्य रस्ते नदीला समांतर धावतात आणि आडव्या गल्ल्या जेमतेम आहेत, म्हणून पूर्वजांनी इमारतींच्या पोटातूनच बोळ काढले. त्यांना त्राबूल म्हणतात.

आता हा बोळ शोधायचा कसा? सगळी दारे सारखीच, जाडजूड लाकडाची आणि माणूसघाणी. सँ-जाँ रस्त्यावरील ५४ क्रमांकाच्या दारासमोर आम्ही उभयता बराच वेळ भिक्षेकऱ्यांसारखे ताटकळलो. शेवटी खांदा लावला, तेव्हा ते कुरकुरत उघडले आणि आम्ही मिट्ट काळोखात दाखल झालो. भिंतीवर रहिवाशांच्या टपालपेट्या, कोपऱ्यात कुणाची तरी सायकल, आणि शांतता राखण्याची ताकीद देणारी पाटी.

"अहो, कोणी विचारलं तर काय सांगायचं?" सौभाग्यवतींनी कुजबुजत विचारले. त्यांची कुजबुज आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचते. इथे तर दगडी चौक होता. वर गोल जिन्याचा मनोरा, सज्जांच्या कमानी, अशी प्रबोधनकाळातली सारी ऐट समोर असताना आमचे लक्ष मात्र जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांकडे. कचऱ्याची पिशवी घेऊन आलेल्या आजीबाई 'बाँजूर' म्हणून निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीने आम्ही रोजचाच उपद्रव असणार. हा भाग १९६४ मध्ये कायद्याने संरक्षित झाला, असे संरक्षण मिळालेला फ्रान्समधील पहिलाच. पुढे १९९८ मध्ये युनेस्कोच्या यादीतही तो आला. दगडांची काळजी सर्वांनी घेतली, पण आजीबाईंच्या दुपारच्या झोपेसाठी निघाली ती एवढी पाटीच.

अनेक चौक ओलांडून आम्ही बफ रस्त्यावरील २७ क्रमांकाच्या दारातून उजेडात आलो आणि मागे वळून पाहिले, तर दहा-बारा पर्यटकांची रांग आमच्याच पावलावर पाऊल टाकत बाहेर पडत होती. आम्हाला वाटाड्ये समजून त्यांनी पुढच्या दाराची चौकशी केली. सौभाग्यवतींनी दिसेल त्या पहिल्या दाराकडे अधिकाराने हात दाखवला आणि आत गेल्यावर अजिबात आवाज करायचा नाही, असे शुद्ध मराठीत खणखणीत बजावले. सर्वांनी माना डोलावल्या.