ट्रेडमिलबद्दल आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण तो वाचून दुकानात येणारे लोक आता तेच विचारायला लागलेत, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रेडमिल चालता चालता बंद पडते, बेल्ट सटकतो. दोन महिने घाम गाळून वजन अर्धाच किलो उतरलं, वर गुडघा दुखायला लागला. ऑनलाइन याच पैशात चार एचपीची मिळत होती. आणि मशीन परत घेऊन पूर्ण पैसे द्यायला आम्ही नाही म्हणालो. शेवटी तुम्ही लिहिलंय, "त्यापेक्षा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फुकट चालले असते."

आधी ट्रॅकचं. गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जाणं जमत असेल तर जरूर जा. मशीन विकणारा असून हे लिहायला मला काही वाटत नाही, मी स्वतः सकाळी तिथेच चालतो. पण मशीन बघायला आलात तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं की घरी पोचायला रात्रीचे आठ वाजतात, आणि पाऊस सुरू झाला की सुटलेलं चालणं दिवाळीपर्यंत काही परत सुरू होत नाही. घरात ट्रेडमिल घ्यायला याहून वेगळं कारण लागत नाही. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांना आम्ही चहा पाजून ट्रॅकवर पाठवतो. त्यावरून आमचे चिरंजीव माझ्यावर चिडतात, तो भाग वेगळा.

आता बंद पडण्याचं. मेकॅनिक तुमच्याकडे आला तेव्हा मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर होतं, बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर, आणि जाड पिन बसत नाही म्हणून मध्ये बारीक पिनचा कन्व्हर्टर. बेल्टवर प्रत्येक पाऊल पडलं की मोटरवर भार येतो आणि ती तेवढ्यापुरता जास्त करंट ओढते. तो नीट मिळाला नाही की कंट्रोलर मशीन थांबवतो. मोटर जळू नये म्हणून केलेलीच ती सोय आहे. गीझरला असतो तसा जाड पिनेचा पॉवर पॉइंट, अर्थिंगसकट, आणि त्यावर दुसरं काहीही नाही, हे डिलिव्हरीच्या कागदावर मराठीत छापलेलं आहे. इलेक्ट्रिशियनचं जेमतेम तासाभराचं काम.

बेल्टची गोष्ट जरा वेगळी. बेल्टची कड उचलून खालच्या फळीवर बोट फिरवलं की सिलिकॉन ऑइलचा किंचित ओशटपणा लागायला हवा. तुमच्याकडे बोट काळं आणि चिकट निघालं. शिवणाच्या मशीनचं तेल होतं ते. आम्ही दिलेली सिलिकॉनची बाटली सील न फोडता मॅन्युअलच्या पिशवीतच पडलेली मेकॅनिकला मिळाली. खनिज तेलाने बेल्ट खराब होतो, फळीवर धूळ धरते, आणि मग मोटरला दुप्पट ओढावं लागतं. ते पुसून काढायला, सिलिकॉन टाकायला आणि बेल्ट ताणायला जो वेळ गेला त्याचे पैसे आम्ही घेतले. ते वॉरंटीत बसत नाही, यापुढेही बसणार नाही.

ताण कसा द्यायचा तेही लिहून ठेवतो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. मागच्या रोलरला दोन्हीकडे एकेक बोल्ट असतो. बेल्ट सटकत असेल तर ॲलन कीने दोन्ही बोल्ट सारखेच, पाव पाव फेरा आवळायचे आणि हळू स्पीडला चालवून बघायचं. बेल्ट डावीकडे सरकत असेल तर फक्त डावा, तोही पाव फेराच. जोर लावून पिळलात तर बेअरिंगची वाट लागते.

चार एचपीचं सांगतो. एक एचपी म्हणजे 746 वॉट. चार एचपीची मोटर खरोखर सलग तेवढं काम करत असेल तर तिला जवळजवळ 3,000 वॉट, म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपियर लागतील. घरातल्या साध्या 6 अँपियरच्या प्लगवर ती चालते म्हणून सांगतात, तिथेच समजून घ्यायचं. स्टिकरवरचा आकडा पीकचा असतो, क्षणभराचा. विचारायचा तो कंटिन्यूअस, म्हणजे मोटर सलग देते तो. आमच्या बिलावर कंटिन्यूअसच लिहिलेला असतो, म्हणून तो लहान दिसतो. गिऱ्हाईक त्यामुळे हातचं जातं हे आम्हालाही माहीत आहे.

वजनाचं मात्र मनावर घेऊ नका, कारण तिथे ना तुमचं चुकलंय ना मशीनचं. 70 किलोचं माणूस ताशी 5 किलोमीटरने अर्धा तास चाललं तर साधारण 120 कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. आठवड्यातले पाच दिवस, असे दोन महिने चाललात तरी बेरीज 5,000 च्या आसपास जाते, म्हणजे पाऊण किलोसुद्धा नाही. तुमचा अर्धा किलो अगदी हिशोबात आहे. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. रविवारची मिसळ सोडा असं मी नाशिककराला सांगणार नाही, पण जादा पाव मोजा. आणि मशीनच्या डिस्प्लेवरच्या कॅलरींवर विसंबून खाऊ नका. तुमचं वजन त्यात भरलेलं नसेल तर ते कुठलंतरी ठरावीक वजन धरून आकडा दाखवतं. हँडलवर भार टाकून चाललात तर खर्च त्याहूनही कमी.

तुमच्याच रिव्ह्यूत मध्ये एक ओळ आहे : "जिना चढताना पूर्वीसारखा दम लागत नाही, पण त्यासाठी एवढे पैसे?" आमच्या धंद्यात आम्ही याच कारणासाठी मशीन विकतो. वजन उतरवून देऊ असं ना बोर्डवर लिहिलंय, ना मी तोंडाने म्हणालो.

गुडघ्याला काय झालंय ते हाडांचे डॉक्टर बघून सांगतील, मी सांगू शकत नाही. दुखणं असेपर्यंत मशीनवर चढू नका, एवढं नक्की. पण तुम्ही मेकॅनिकला जे करून दाखवलंत ते ऐकून मीच दचकलो. पहिल्या आठवड्यापासून 8 चा स्पीड, पायात घरातल्या सपाट चपला, दोन्ही हातांनी हँडल घट्ट, नजर खाली मोबाइलवरच्या मालिकेत. 8 ला माणूस चालत नाही, पळतं. दवाखान्यातली टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून होणारी हृदयाची तपासणी, सर्रास ज्या ब्रूस पद्धतीने करतात, तिची सुरुवात, डॉक्टर शेजारी उभे असताना, ताशी 2.7 किलोमीटरने होते. चढ असतो 10 टक्के, हे खरं, पण स्पीड तेवढाच. दर तीन मिनिटांनी मग वाढवत नेतात.

डॉक्टर हो म्हणाले की नव्याने सुरू करा. बूट घाला. सेफ्टी कीची क्लिप कुडत्याला लावा, तोल गेला की की ओढली जाऊन मशीन थांबतं; ती शोभेला दिलेली नाही. पहिले दोन आठवडे 3.5 ते 4 च्या वर जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटं पुरेत, हात मोकळे सोडून. बरोबर स्पीड कोणता, तर शेजारणीशी गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो. तिथून पुढे वेळ वाढवा, स्पीड नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, शिवाय दोन दिवस स्नायूंचा. अर्धा तास, पाच दिवस केलंत की 150 झाली. स्नायूंसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणंही चालेल, त्यासाठी आमच्याकडून डंबेल घ्यायची गरज नाही.

राहिलं पैसे परत करण्याचं. दोन महिने वापरलेलं मशीन आम्ही पूर्ण किमतीला घेत नाही, आणि रिव्ह्यू आला म्हणून नियम बदलणार नाही. बदलला तर बिलावर सही करून मुकाट्याने निभावणाऱ्या गिऱ्हाइकांवर अन्याय होईल. खरंच नको असेल तर बायबॅकची किंमत बघून सांगतो. ती कमी वाटेल. ठेवणार असाल तर पुढची व्हिजिट आमच्याकडून, सिलिकॉनची दुसरी बाटलीही देतो, आणि मेकॅनिक तुम्हाला समोर उभं करून बेल्ट ताणायला शिकवेल.

शनिवारी दुपारनंतर तो तुमच्या बाजूला येतोच आहे. त्याआधी पॉवर पॉइंट तेवढा बसवून घ्या, नाहीतर तो बेल्ट लावून जाईल आणि रविवारी मशीन पुन्हा बंद पडलेलं असेल.