'बिग एफएम' आता अंबानींचं नाही, आणि रेडिओ सिटीनंही ते घेतलेलं नाही

'९२.७ बिग एफएम अनिल अंबानींचंच आहे आणि रेडिओ सिटी ते विकत घेतेय' असा संदेश पुन्हा फिरतोय. यातला एक भाग जुना आहे, दुसरा घडलाच नाही.

बिग एफएम २००६ मध्ये अंबानींच्या रिलायन्स समूहानं सुरू केलं, हे खरं. रेडिओ सिटी चालवणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्टनं २०१९ मध्ये ते घेण्याची घोषणा केली होती, हेही खरं. पण तो व्यवहार पूर्ण झालाच नाही. कर्ज थकल्यामुळे २०२३ मध्ये बिग एफएम चालवणारी रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्क ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानं ती कंपनी ताब्यात घेण्याची सफायर मीडियाची योजना मंजूर केली. बोली सुमारे २६१ कोटींची होती.

अशा वेळी 'फ्रिक्वेन्सी विकली' असं म्हणणंही चुकीचं आहे. ९२.७ हा आकडा कुणाच्या मालकीचा नसतो. परवाना केंद्र सरकार देतं, सध्याच्या धोरणात १५ वर्षांसाठी, आणि हात बदलते ती परवाना धरणारी कंपनी. म्हणून मालक बदलला तरी रिक्षातल्या रेडिओवर काटा त्याच जागी राहतो आणि ऐकणाऱ्याला काही कळतही नाही. स्टुडिओत रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या पोटात मात्र अशा एका संदेशानं गोळा येतो. तो संदेश पुढे ढकलण्याआधी कृपया त्याच्यावरची तारीख बघा.