आयडीतल्या गॅपा भरू नका बाप्पा

व्हॉट्सॲपवर 'डेटाबेस सफाई'चा एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: रेकॉर्ड डिलीट केले की आयडीत, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या नंबरात, गॅपा पडतात, त्यानं डेटाबेस स्लो होतो, नंबर संपत जातात. म्हणून दर महिन्याला फॉरेन की चेक (एका टेबलात लिहिलेला आयडी जोडलेल्या टेबलात आहे का, ही तपासणी) बंद करा, सगळे आयडी १ पासून ओळीनं लावा, चेक परत चालू करा. जोडलेली टेबलं 'कॅस्केडनं आपोआप' सुधारतात. माझा भाचा इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानाचं बिलिंग सांभाळतो. त्यानं हा मेसेज मला पाठवून विचारलं, "मावशी, रविवारी करून टाकू का?"

नाही. अजिबात नाही.

आधी चेक बंद करण्याचं घेऊ, कारण दुकान बुडवायची खरी सोय तिथं आहे. समजा, ग्राहक ४१ डिलीट झालाय. ओळीनं लावल्यावर ४२ चा झाला ४१, ४३ चा झाला ४२. बिलांच्या टेबलात मात्र जुनेच आकडे. म्हणजे ४२ नंबरवाल्याची उधारी आता ४३ वाल्याच्या नावावर, त्याची ४४ वाल्याच्या, आणि असंच शेवटपर्यंत. एरर एकही येत नाही. पैसे मागायला माणूस भलत्याच दुकानात जाईल तेव्हा कळेल.

"पण चेक परत चालू केलं की पकडेल ना?" मायएसक्यूएल या डेटाबेसच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय: चेक पुन्हा चालू केल्यावर टेबलात आधीच असलेला डेटा तपासला जात नाही. आणि तपासला असता तरी काय सापडणार होतं? ४२ नंबरचा ग्राहक आहेच की! फॉरेन की फक्त तो नंबर अस्तित्वात आहे का एवढंच बघते, माणूस तोच आहे का हे तिला कुठून कळणार? शेवटच्या एखाद-दोघांची बिलं तेवढी बेवारस सापडली असती.

कॅस्केडची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करावं लागेल. फॉरेन कीवर 'ऑन अपडेट कॅस्केड' लावलेलं असेल तर जोडलेली टेबलं खरंच बदलतात. पण इनोडीबीत (मायएसक्यूएलचा डेटा साठवणाऱ्या नेहमीच्या इंजिनात) चेक बंद असताना कॅस्केड चालतच नाही! मेसेज लिहिणाऱ्यानं एकाच दमात दोन्ही सांगितलंय. शिवाय ग्राहकाकडे गेलेली पीडीएफ, एक्सेलमधली उधारीची यादी, जुना बॅकअप, यांना कुठलं कॅस्केड?

स्लो होण्याचं तर काढूच नका. इंडेक्समध्ये, म्हणजे नोंद पटकन शोधायच्या सूचीत, जे आयडी आहेत तेच असतात. नसलेला नंबर जागा खात नाही. उलट इनोडीबीच्या प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये प्रायमरी कीची, म्हणजे आयडीची, प्रत असते, म्हणून की बदलली की ते सगळे इंडेक्सही बदलावे लागतात. नंबर संपण्याचं म्हणाल, तर साध्या इंटीजरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. रोज ५०० बिलं फाडली तरी ११,००० वर्षं पुरेल. टायनीइंट हा छोटा प्रकार ठेवला असेल तर १२७ ला अडकाल, पण मग कॉलमचा प्रकार बदला. आणि गॅपा डिलीटनंच पडतात असंही नाही, रोलबॅक झालेल्या, म्हणजे अर्ध्यात मागे घेतलेल्या, व्यवहाराचा नंबरही वाया जातो.

एक रास्त अडचण आहे: जीएसटी. नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग लागतो. तर त्यासाठी वेगळा कॉलम ठेवा, बिल फायनल होताना नंबर द्या, आणि बिल रद्द झालं तर डिलीट न करता 'रद्द' अशी नोंद करा. रिपोर्टवर नुसता अनुक्रमांक हवा असेल तर मायएसक्यूएल ८ मध्ये 'रो नंबर' फंक्शन आहे. क्रम लावायला ऑर्डर बाय आहे. तो दिला नाही तर आयडी कितीही ओळीत असोत, क्रमाची हमी नाही.

ज्यांनी हा उद्योग आधीच केलाय त्यांनी आत्ताच नवी बिलं थांबवा. जुन्या-नव्या आयडीची जोडयादी ठेवली नसेल तर नुसतं उलटं मोजून परत येता येणार नाही. आधीचा बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा, ग्राहक नाव-मोबाइलवरून जुळवा, आणि नंतर बनलेली बिलं वेगळी काढून एकेक तपासा.