तीस सेकंदांचा नवतपा

भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ मी मोबाईलवर जोडला, तिथंच सगळं बिनसलं. बटूच्या डोळ्यांत होमाचा धूर जातो तिथं मी सनई हळू केली होती आणि पाहुणे पंगतीकडे धावतात तिथं मोठी. एवढ्या भांडवलावर नागपुरातल्या, धरमपेठेतल्या आमच्या संस्थेनं मला ‘मीडिया विभाग’ करून टाकलं. या विभागात मी आहे, माझा फोन आहे आणि एक चार्जर आहे. तो पिन तिरपी धरली तरच चालतो.

संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. वस्तीतल्या आठवी-नववीच्या पोरापोरींना एकेक मोठं माणूस जोडून द्यायचं. त्या माणसानं आठवड्यातले दोन तास त्या पोराला द्यायचे. शिकवणी नाही, पैसे नाहीत, उपदेश तर शक्यतो नाहीच. पोरं रांगेत उभी आहेत आणि माणसं मिळत नाहीत, म्हणून तीस सेकंदांची जनहितार्थ जाहिरात करायची ठरली.

बैठक मे महिन्यात झाली. कूलर चालू ठेवला तर कुणाचं ऐकू येत नव्हतं आणि बंद केला तर कुणी बोलण्याच्या अवस्थेत राहत नव्हतं. त्यामुळे सगळे ठराव कूलर चालू असताना झाले आणि इतिवृत्त बंद असताना लिहिलं गेलं. दोन्हींचा फारसा संबंध नाही.

पहिला तास एका शब्दावर गेला. ‘मेंटॉर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘मार्गदर्शक’ म्हटलं की दहावीचं गाईड डोळ्यांसमोर येतं. ‘गुरू’ म्हटलं की दक्षिणा आली. ‘आधार’ सगळ्यांना आवडला होता, पण लोक बोटांचे ठसे द्यायला येतील, असं खजिनदार काकू म्हणाल्या. कुणीतरी ‘भाऊ’ सुचवलं. नागपुरात भाऊ कोण नाही? पेट्रोल भरणारा भाऊ, पावती फाडणारा भाऊ, आणि चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून स्वतःच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणारे तर भाऊच भाऊ. ‘तुमच्या मुलाला एक भाऊ मिळवून द्या’ अशी जाहिरात ऐकून आयांनी पोरांना घरात कोंडलं असतं.

सचिवांनी मग मूळ शब्दाकडे जाऊ म्हणून ग्रीक महाकाव्य काढलं. राजा युद्धावर जाताना पोराला मेंटॉर नावाच्या मित्राच्या हवाली करून गेला, म्हणून हा शब्द. त्या कथेत पुढं एक गंमत आहे. पोराला खरी गरज पडते तेव्हा अथीना देवी मेंटॉरचं रूप घेऊन येते आणि तीच त्याला वाटेला लावते. म्हणजे काम बाईनं केलं आणि नाव बाप्याचं झालं.

“आपल्या संस्थेसारखंच,” काकू म्हणाल्या. कूलर नेमका तेव्हाच बंद होता. अखेर ‘मेंटॉर’च ठेवायचं ठरलं.

आता संहिता. अध्यक्षसाहेब निवृत्त इंजिनिअर. पाया खोल घेतल्याशिवाय त्यांना वीट ठेववत नाही. त्यांची संहिता १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू होत होती. तिथल्या कोर्टात अर्नेस्ट कूल्टर नावाचा एक कारकून होता. त्याच त्या वयाची पोरं रोज पिंजऱ्यात उभी राहताना बघून तो कळवळला आणि चांगल्या घरच्या पुरुषांना म्हणाला, प्रत्येकानं एकेका पोराशी दोस्ती करा. त्यातून पुढं अमेरिकेत मोठी चळवळ उभी राहिली. गोष्ट खरी आणि सुंदर आहे. मी घरी जाऊन ती घड्याळ लावून वाचली. सावकाश वाचलं तर तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात. संहितेत ४१२ होते. धावत वाचून पाहिलं तर तिसाव्या सेकंदाला आम्ही अजून न्यूयॉर्कच्या कोर्टाच्या पायऱ्याच उतरत होतो. नागपूरला पोचायला आणखी दोन मिनिटं तरी लागणार होती.

“मग कूल्टरला काढता?” साहेबांनी असं काही विचारलं, की जणू मी त्या बिचाऱ्याला नोकरीवरून काढत होते.

त्यांनी दुसरी कल्पना मांडली. सुरुवात झिरो माइलच्या खांबापासून. पोरगा खांबाखाली एकटा उभा, म्हणजे शून्य. मग मेंटॉर हात धरतो आणि दोघे शिखराकडे निघतात. कल्पनेला नाव ठेवायला जागा नव्हती; अडचण एवढीच की आमच्या गावाला शिखर नाही. फार तर सेमिनरी हिल्स, आणि तिथं मधुमेहाची माणसं पहाटे गप्पा मारत चढून जातात. सचिवांना आठवलं, २००१ साली विजय बारसे सरांनी आपल्याच नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवायला सुरुवात केली, त्यावर पुढं सिनेमा निघाला, अमिताभ बच्चन आले. सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या.

“चार हजार दोनशे आहेत,” काकू म्हणाल्या. “त्यात पोहेपण आले.”

मी आपली जोडी पाहायला गेले. म्हटलं, खरं काय चालतं ते बघू, तेच दाखवू. पोरगा तेरा वर्षांचा, सक्करदऱ्याकडचा. त्याचा मेंटॉर हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. एकदम चूप माणूस.

“रविवारी तुम्ही काय करता?”

“काही नाही. बसतो.”

“बसून?”

“तो बोलतो.”

“आणि नाही बोलला तर?”

त्यानं जरा विचार केला. “तर नाही बोलत.”

वर्षभरापासून हे असं चालू होतं. एकदा दोघांनी मिळून सायकलची चेन बसवली. एकदा पोरगा गणितात नापास झाला तेव्हा दोघं फुटाळा तलावावर मक्याचं कणीस खात बसले आणि गणिताचा विषयच निघाला नाही. पुढच्या रविवारी पोरानं स्वतःहून वही आणली. एवढंच. मी माझ्या वहीत ‘कथानक’ असं लिहून खाली रेघ मारली होती. तिच्याखाली ‘कणीस’ एवढाच शब्द लिहून घरी आले. त्या गोष्टीत काही म्हणता काही घडत नाही, हीच तिची खुबी आहे, हे मला तिथं बसून कळलं होतं. पण दोन माणसं तीस सेकंद गप्प बसलेली दाखवली तर बघणाऱ्याला वाटेल नेट गेलं.

समितीला ते कणीस अजिबात पटलं नाही. आधी अंधार, मग उजेड, असं हवं. पोरगा आधी उदास दिसला पाहिजे. आणि मेंटॉर बोलका पाहिजे. खऱ्याला बाजूला सारून सचिवांच्या ओळखीनं झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांतला, एक नट आणला. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतरचा, तेव्हा तो माणूस रात्र-रात्र हजारो लोकांसमोर उभा असतो. मे महिन्यात मोकळा होता म्हणून वडश्याहून आला, तोही नुसत्या गाडीभाड्यावर. माणूस लाख मोलाचा. पण त्याचा आवाज मंडपातल्या शेवटच्या रांगेसाठी घडवलेला आणि माझा फोन त्याच्या नाकापासून दोन हातांवर.

शूटिंग नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतल्या रविवारी, फुटाळ्यावर, सकाळी सहाला ठरलं. सहाला मी, पोरगा आणि बदकं हजर होतो. फ्लेक्स यायचा होता. फ्लेक्सशिवाय सुरू करायचं नाही, असं साहेबांचं फर्मान. फ्लेक्स साडेनऊला आला. आठ फूट बाय सहा, त्यावर सगळ्या विश्वस्तांचे फोटो. लावल्यावर तलाव दिसेना.

तोवर पोराला भूक लागली होती. त्याला तर्री-पोहे दिले. आता इथं जाणकारांनी सुस्कारा सोडायला हरकत नाही. शाळेचा पांढरा शर्ट, हातात कागदी प्लेट आणि वर चण्याचा तो लालभडक तेलाचा रस्सा. दुसऱ्याच घासाला तर्री खिशाच्या बरोबर खाली उतरली. मी पाण्यानं पुसली. तर्री पाण्यानं जात नाही, ती पाण्यानं शिकते. बघता बघता विदर्भाच्या नकाशाएवढा डाग झाला.

“डाग झाकून घेऊ,” साहेब म्हणाले. मग कुठं पोराच्या छातीशी वही, कुठं नटाचा मायेचा पंजा, कुठं शाळेची पिशवी. एका शॉटमध्ये काहीच सापडेना म्हणून त्याला स्वतःच्याच हृदयावर हात ठेवायला लावला. साहेब खूश झाले. “देशभक्तीपण आली.”

पण पोरगा उदास काही होईना.

“बेटा, जरा विचार कर. तू एकटा आहेस. तुझं कुणी नाही.”

“हाय ना. आई हाय, आजी हाय, दोन बहिणी हायेत. एकटा राहाले जागाच नाही घरी.”

“तरी पण उदास हो.”

“मी उदास कायले होऊ? आज तं रविवार हाय.”

आता याला उत्तर काय? काकूंनी उन्हाची काळजी म्हणून सकाळीच प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा टाकला होता. आमच्याकडे लू लागू नये म्हणून टाकतात. साहेबांना त्या कांद्यात दिग्दर्शनाची संधी दिसली. “तो फोडून डोळ्यांजवळ धर बरं.” पोरानं कांदा घेतला, गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि उरलेल्या पोह्यांसोबत खाऊन टाकला.

नटाची एंट्री झाली. मायेनं खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणायचं होतं, “काय झालं रे?” त्यानं तीन पावलं मागं घेतली, श्वास भरला आणि “काऽऽय झालं रे, माझ्या राजाऽऽ!” अशी काही साद घातली, की कठड्यावर बसलेलं एक प्रेमी जोडपं हात सोडून दोन दिशांना गेलं. पोरगा पोट धरून हसत सुटला. सात टेक झाले. सातही वेळा तो ‘राजा’च्या आधीच हसायला लागायचा. नट बिचारा सज्जन, म्हणाला, “मॅडम, आवाज खाली आणतो, पण मग माझा मीच कमी होऊन राहिलो असं वाटते.”

साडेअकराला फोननं मान टाकली. पडद्यावर सूचना आली, फोन तापला आहे, थंड होऊ द्या. अहो, मीही तापले होते, माझ्यासाठी कुणी सूचना लावत नव्हतं! काकूंनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून समोरच्या रसवंतीवाल्याच्या बर्फाच्या लादीवर ठेवला. त्यानं जागेचं भाडं म्हणून आमच्याकडून सहा ग्लास रस खपवला. वीस मिनिटांनी फोन चालू झाला, पण काचेवर दव धरलं होतं. त्यानंतरचं सगळं शूटिंग धुक्यातलं आहे. नवतप्यात, नागपुरात धुकं! साहेबांना तेच सगळ्यात आवडलं. “काश्मीर वाटून राहिलं,” असं त्यांनी दोनदा सांगितलं.

या सगळ्या वेळात खरा मेंटॉर कुठं होता? फ्लेक्सच्या मागं सावलीत. जेवढा वेळ मोकळा मिळायचा तेवढा वेळ पोरगाही तिथंच. त्या दोघांचं तिकडं काहीतरी चाललं होतं, मी दोनदा डोकावले. एकदा दोघं मुंग्यांची रांग बघत होते, एकदा काहीच नाही. माझा फोन तेव्हा बर्फावर होता.

संपादनाचं सांगत नाही, नाहीतर रडू येईल. थोडक्यात हिशोब देते. तीस सेकंदांपैकी संस्थेचं बोधचिन्ह चार सेकंद, देणगीदारांची नावं सात, अध्यक्षांचा संदेश सहा, नटाची अर्धी साद दोन, धुक्यातला तलाव पाच, शेवटी फोन नंबर चार. पोरगा उरलेले दोन सेकंद आहे, हृदयावर हात ठेवून. कूल्टरलाही साहेबांनी शेवटी घुसवलाच, खाली सरकत्या पट्टीत. पट्टी ‘न्यूयॉर्कच्या को’पर्यंत येते आणि व्हिडिओ संपतो.

दोन प्रती केल्या, एक आडवी आणि एक मोबाईलसाठी उभी. आडवी संस्थेच्या कार्यक्रमात दाखवली, टाळ्या पडल्या. उभी वॉट्सअ‍ॅपवर सोडली आणि ती शंकरनगरपासून मानेवाड्यापर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरली. सोमवारी सकाळी सातला मला पहिला फोन आला. नवाला अकरावा. तेव्हा लक्षात आलं, सुरुवातीला अक्षरांचा आकार बघायला म्हणून मी शेवटच्या पाटीवर माझाच नंबर टाकला होता. आडव्या प्रतीत बदलला. उभ्या प्रतीत राहिला.

एका गृहस्थांना मेंटॉर हवा होता, मेहुण्यासाठी. मेहुण्याचं वय बेचाळीस. एका बाईंनी विचारलं, “दोन तास म्हणजे पोराला जेवू घालून पाठवायचं, की तिकडेच होते?” एकाला फक्त ते पोहे कुठले ते हवं होतं, डाग बघून त्यानं तर्री ओळखली होती. एक आजोबा म्हणाले, मला दोन तास नाही, दिवसभर वेळ आहे, पण मला चालताना काठी लागते, चालेल का? मी त्यांचं नाव लिहून घेतलं. बसायचंच तर असतं.

गुरुवारी रात्री आणखी एक अनोळखी नंबर दिसला.

“मॅडम, मी बोलून राहिलो. आईच्या फोनवरून.”

“काय रे, काय झालं?” हे वाक्य माझ्या तोंडून अगदी संहितेतल्यासारखं, हळूच निघालं. नवल म्हणजे तो हसला नाही.

“तुमचा नंबर हाय ना त्या व्हिडिओत. वर्गातल्या पोट्ट्यायनं पाहिला. तो डाग दिसते म्हणतात.”

“दिसतो थोडा. चिडवतात का?”

“नाही. कुठले पोहे, इचारून राहिले.” मग बराच वेळ काही नाही. मागं कूलरची घरघर आणि कुणाच्या तरी बहिणींचं भांडण. मी फोन कानाला लावून बसून राहिले. काय विचारावं ते सुचत नव्हतं, म्हणून विचारलं नाही.

“मॅडम,” तो शेवटी म्हणाला, “शूटिंग परत कधी हाय? मी काळा शर्ट घालून येतो.”